गुण्या कुठला घेऊ, आणि तो बरोबर आहे हे ओळखू कसं?

या वेळी पत्रांत आणि मेलमध्ये निम्मे प्रश्न एकाच वस्तूवर आलेत, गुण्या, म्हणजे काटकोन आखायचं आणि तपासायचं हत्यार. म्हणून रंध्याचे आणि पॉलिशचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, आज फक्त काटकोन. पत्रं थोडी कापलीत, राग मानू नका.

प्रश्न (ठाणे): सर, नोकरी आयटीत, सुट्टीच्या दिवशी बाल्कनीत सुतारकाम करतो. खालच्या हार्डवेअरवाल्याकडून 180 रुपयांचा ट्राय स्क्वेअर आणलेला, प्लास्टिकच्या मुठीचा. आता ड्रॉवर करतोय तर सगळं मापून, आखून कापलं तरी एक कोपरा उघडाच राहतो. ऑनलाइन बघायला गेलं तर अडीचशेपासून आठ-दहा हजारापर्यंत काय वाट्टेल ते आहे आणि रिव्ह्यू वाचून डोकं फिरतं. बजेट हजार रुपये. कुठला घेऊ ते सरळ सांगा.

उत्तर: सरळच सांगतो. सहा इंची, म्हणजे 150 मिमी पात्याचा इंजिनिअर्स स्क्वेअर घ्या, पूर्ण स्टीलचा. भारतीय बनावटीचा तुमच्या हजारात आरामात बसतो, वर पॉलिश पेपरचे पैसेही सुटतील. हा तोच गुण्या जो फिटर आणि मशीनवाले वापरतात, जाड दांडा, पातळ पातं, दोन्ही स्टील, पात्यावर बहुतेक वेळा मापाच्या खुणाही नसतात आणि नसल्या तरी काही बिघडत नाही, मापाला स्टीलची पट्टी आहे की. आतल्या कोपऱ्यात एक बारीकशी खाच असते, ती शोभेची नाही, लाकडाच्या कडेला राहिलेली बर (कापताना निघालेली बारीक कुस) किंवा भुसा त्या खाचेत जातो आणि दांडा कडेला नीट टेकतो, स्वस्तातल्या ट्राय स्क्वेअरला ती बऱ्याचदा नसते आणि मग एवढासा भुसा कोपऱ्यात अडकून अख्खी रेघ तिरकी करतो.

आता पैशाचं. डब्यावर डीआयएन 875 (जर्मन मानक) किंवा बीएस 939 (ब्रिटिश मानक) असं काहीतरी लिहिलेलं दिसेल, पुढे ग्रेड असते. डीआयएन मध्ये आकडा जितका लहान तितका गुण्या बारकाईचा, 00 सगळ्यात वर आणि 2 सगळ्यात खाली. पण खाली म्हणजे किती खाली? 150 मिमीच्या गुण्याला ग्रेड 2 मध्ये जास्तीत जास्त 35 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चूक चालते. आपण प्रिंटरला घालतो तो साधा कागद साधारण 100 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे सगळ्यात हलक्या ग्रेडचा गुण्यासुद्धा टोकाला कागदाच्या एक तृतीयांशाने चुकणार. ग्रेड 0 मध्ये हेच 8 मायक्रॉन होतं, पण लाकूड एका पावसाळ्यात त्याच्या कितीतरी पट फुगतं, तुमची पेन्सिलची रेघच मुळात अर्धा मिलिमीटर जाड आहे, त्यामुळे त्या वरच्या ग्रेडसाठी सुताराने पैसे मोजायचे म्हणजे निव्वळ हौस. हौसेला माझी ना नाही. फक्त हजाराच्या बजेटात ती बसवू नका.

आणि ग्रेड छापलेली आहे म्हणून माल त्या ग्रेडचा असेलच असंही धरू नका. दुकानात उभ्या उभ्या तपासायचं, दोन मिनिटांचं काम आहे, गिऱ्हाईक तपासतंय म्हटल्यावर ज्याच्या कपाळाला आठ्या पडतात त्याच्याकडून घेऊच नका. सोबत एमडीएफचा वीतभर रुंद तुकडा न्यायचा, त्याची एक कड सरळ हवी, घरीच स्टीलपट्टी उभी लावून मागून उजेड येतो का बघून ठेवा. दांडा त्या कडेला दाबून पात्याच्या कडेने रेघ मारा, पेन्सिल नको, कटरचं पातं किंवा मार्किंग नाइफ घ्या. मग गुण्या उलटा करा, म्हणजे दांडा आधी डावीकडे होता तर आता उजवीकडे, आणि खालच्या त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा एकच दिसल्या तर विषय संपला, पैसे द्या आणि घरी या. वरच्या टोकाला फाकल्या तर जी फट दिसते ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते, हे लक्षात ठेवा, म्हणजे 150 मिमीवर अर्ध्या मिमीची फट असेल तर गुण्या पाव मिमीने चुकतोय. पाव मिमी ऐकायला काही नाही, पण तीच चूक 450 मिमी खोल ड्रॉवरला पाऊण मिमी होते आणि 600 च्या कपाटाला पूर्ण एक. रेघ दांड्याच्या बाजूला झुकली असेल तर कोन 90 पेक्षा कमी, उलट बाजूला गेली तर जास्त. हे पात्याच्या आतल्या कडेनेही करा आणि बाहेरच्या कडेनेही, कारण दोन्ही कडा एकमेकींना समांतर असतीलच याची खात्री नाही. बाहेरचा कोपरा, जो आपण ड्रॉवरच्या आत घालून बघतो, तो तपासायला आधी पास झालेल्या दुसऱ्या गुण्याच्या आतल्या कोपऱ्यात बसवून उजेडाकडे धरा. उजेड फार चुगलखोर असतो, डोळ्याला एरवी दिसणार नाही एवढी फटही दाखवतो.

हा माल प्लाय-सनमाईकाच्या दुकानात शोधू नका, तिथे प्लास्टिकच्या मुठीवालेच लटकवलेले असतात. मशीन टूलची, ड्रिल बिट आणि मायक्रोमीटर विकणारी दुकानं बघा. तुम्हाला मुंबई जवळ आहे, मस्जिद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला जा, अख्खी गल्ली त्याचीच आहे. पुण्यावरून वाचणाऱ्यांना बोहरी आळी. ऑनलाइन घेतलात तर आल्या दिवशीच उलटवून तपासा, रिटर्नची मुदत संपल्यावर नाही. आणि ठाण्यात राहताय तर वागळे इस्टेटमध्ये ओळखीचं कुणी वर्कशॉप असेल तर त्यांच्या मास्टर गुण्याला (फक्त तपासणीसाठी ठेवलेल्या अचूक गुण्याला) एकदा लावून घ्या, ही माणसं पाच मिनिटांत करून देतात, वर चहा पाजतात.

एक राहिलंच. तुमचा कोपरा उघडा राहतोय याला एकटा गुण्याच जबाबदार असेल असं मला वाटत नाही. फळीच्या तोंडावर रेघ काटकोनात असते पण करवत जाडीत तिरकी उतरते, वरून बघितलं की सगळं बरोबर आणि जोडायला गेलं की आतून फट. कापलेल्या टोकाला गुण्या दोन्ही बाजूंनी लावा, रुंदीत आणि जाडीतही. समोरासमोरच्या दोन फळ्या एकावर एक ठेवून लांबी तंतोतंत सारखी आहे का तेही बघा, तिथे एक मिमीचा फरक असला तर हजाराचाच काय, दहा हजाराचा गुण्याही तुमचा ड्रॉवर चौकोनी करू शकणार नाही.

प्रश्न (कोल्हापूर): दादा, मी लाकडी फ्रेम आणि छोटे डबे करून विकते. कॉम्बिनेशन स्क्वेअर घेतला बारा इंची, कारण एकात सगळं मिळतं म्हणाले, 90 पण आणि 45 पण. पण कधी बरोबर दाखवतो कधी नाही. सकाळी तपासला तर ठीक, दुपारी परत स्क्रू आवळला की रेघा फाकतात. फसवली गेले का?

उत्तर: ताई, पूर्ण फसवणूक नाही, पण स्वस्त कॉम्बिनेशनचा हा जुनाच रोग आहे. ही कल्पना लॅरॉय स्टॅरेट या अमेरिकन माणसाची, 1870 च्या दशकातली, पट्टीवर सरकणारं डोकं आणि ते हवं तिथे आवळायची सोय. पुढे 1880 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या अॅथॉल गावात त्याने याच जोरावर कंपनी काढली. कल्पना झकास आहे, पण यात सरकणारा भाग आला आणि जिथे सरकणं आलं तिथे ढिलेपणा आला. एकसंध गुण्याला हलायला जागाच नाही.

तुमच्या हत्याराचं असं होतंय. पट्टीच्या मधून एक खोबण गेलीय, त्यात स्क्रूच्या टोकाचा आकडा (हुक) बसतो आणि तो पट्टीला डोक्यातल्या घळीच्या तळाशी ओढून धरतो. महागड्या कॉम्बिनेशनमध्ये डोकं बिडाचं किंवा फोर्ज केलेल्या स्टीलचं असतं आणि त्या घळीचा तळ ग्राइंड केलेला असतो. स्वस्तात डोकं जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव असतं, घळीच्या तळाशी ओतकामाचे बारीक उंचवटे, वर रंगाचे थेंब, त्यामुळे पट्टी दर वेळी वेगळ्या उंचवट्यावर टेकते. म्हणून सकाळी एक आणि दुपारी दुसरं.

उपाय आहे. स्क्रू पूर्ण काढा, आकडा आणि त्याची बारीक स्प्रिंग सांभाळा (ती उडाली की सापडत नाही, ताटात धरून काढा), पट्टी बाहेर काढा. घळीत जुना दातांचा ब्रश घालून रॉकेलने साफ करा, रंग साचला असेल तर खरवडा. पट्टीच्या कडांवर बोटाचं नख फिरवा, जिथे अडकेल तिथे बर आहे, ती बारीक ऑइलस्टोनवर पट्टी सपाट ठेवून हलकेच घालवा, कड स्वतः घासायची नाही. परत जोडताना आधी स्क्रू अर्धवट आवळा, डोकं पट्टीवर खाली दाबून धरा आणि मग शेवटचा पीळ द्या. एवढ्याने बहुतेक वेळा दोन्ही रेघा एकत्र येतात. मग तीन-चारदा ढिला करून, आवळून परत तपासा, दर वेळी तेच उत्तर आलं पाहिजे. चूक असली पण दर वेळी एकसारखी असली तर घळीचा तळ बारीक सुई-कानशीने थोडा थोडा घासून सुधारता येतो. दर वेळी वेगळी येत असेल तर त्याला खाचेची खोली मोजायला आणि समांतर रेघ मारायला ठेवा, त्या कामात तो उत्तम आहे, आणि काटकोनाला लहान चार इंची इंजिनिअर्स स्क्वेअर घ्या. डब्यांना चार इंच पुष्कळ झालं.

फ्रेम करता म्हणून 45 बद्दल जरा जास्त लिहितो. फ्रेमला चार कोपरे, म्हणजे आठ तिरके काप. एकेक काप अर्ध्या अंशाने चुकला आणि सगळे एकाच बाजूला चुकले तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंश जमा होतात, तीन कोपरे छान मिटतात आणि चौथा तोंड वासून बसतो, मग आपण त्यात भुसा आणि फेव्हिकॉल भरतो. 45 तपासायला एका कडेवरून उजवीकडे तिरकी रेघ मारा, मग गुण्या उलटवून डावीकडे, अशा की त्या एकमेकींना छेदतील. छेदतात तिथे बरोबर काटकोन व्हायला हवा, तो आधी पास झालेल्या गुण्याने बघा. इथेही चूक दुप्पट होऊनच दिसते.

प्रश्न (सातारा): आजोबांचा सागवानी गुण्या सापडलाय, दांड्यावर पितळेची पट्टी बसवलेली. तुम्ही सांगता तशा रेघा मारल्या तर बऱ्यापैकी फाकतात. दुरुस्त होईल का नुसताच भिंतीवर लावू? शिवाय एक मोठा एल आकाराचा पत्र्याचा गुण्या पण आहे, तोही वाकडा.

उत्तर: भिंतीवर कशाला, वापरा. लाकडी गुण्याचं पातं निघत असेल आणि सांधा हलत असेल तर आधी तो पक्का करा, सांधा हलता ठेवून कोन सुधारण्यात अर्थ नाही. मग काचेच्या तुकड्यावर 220 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, पात्याच्या बाहेरच्या कडेवर पेन्सिलने आडव्या रेघोट्या मारा आणि जिथलं लाकूड जायला हवं तिथेच दाब देऊन घासा, रेघोट्या कुठे पुसल्या ते बघत बघत. दर चार-पाच घासण्यांनंतर रेघांची परीक्षा. घाई केली तर उलट बाजूला जाल. बाहेरची कड जमली की त्या कडेवरूनच रेघा मारायच्या, आतल्या कडेचा नाद सोडला तरी चालतं. सागवान फार हलत नाही पण हलतंच, त्यामुळे पावसाळा लागला की एकदा आणि दिवाळीनंतर एकदा तपासायचा.

पत्र्याचा गुण्या म्हणजे फ्रेमिंग स्क्वेअर, एक बाजू 24 इंच आणि दुसरी 16 असेल. हा तर ठोकून सरळ होतो, खरंच. ऐरणीवर किंवा जाड लोखंडावर सपाट ठेवायचा आणि कोपऱ्यातल्या धातूवर सेंटर पंचने (टोकदार पोलादी पंच, वरून हातोडीने मारायचा) ठोसा द्यायचा. कोन 90 पेक्षा कमी असेल तर आतल्या कोपऱ्याजवळ, तिथला धातू पसरतो आणि दोन्ही पाय उघडतात. जास्त असेल तर बाहेरच्या कोपऱ्याजवळ, मग पाय मिटतात. एक ठोसा, मग रेघ, मग दुसरा ठोसा. लोकांना हे गंमत वाटते पण जुने मिस्त्री असंच करत आलेत. इंजिनिअर्स स्क्वेअरला मात्र हा प्रयोग करू नका, तो दाबून आणि रिव्हेट करून बसवलेला असतो, हातोडा लागला की होता नव्हता तोही काटकोन जाईल.

प्रश्न (नाशिक): सात फुटी कपाट करायचंय, तीन फूट रुंद. सहा इंचाचा गुण्या त्याला काय पुरणार? 24 इंची मोठा घ्यावा लागेल का?

उत्तर: नको. एवढ्या मोठ्या वस्तूला कुठलाच गुण्या पुरत नाही, तिथे टेप. कपाटाचा सांगाडा जोडला की दोन्ही कर्ण मोजा, कोपरा ते कोपरा. समोरासमोरच्या बाजू सारख्या असतील आणि कर्णही सारखे आले तर चौकट काटकोनात आहे, दुसरा पुरावा नको. तुमच्या मापात, म्हणजे 2100 बाय 900 मिमीला, कर्णांत 4 मिमीचा फरक आला तर समजा वरचं टोक 5 मिमीने एका बाजूला कललंय, आणि एवढ्यात दरवाजाची फट वर बारीक, खाली जाड दिसायला लागते. जो कर्ण लांब आहे त्या दोन कोपऱ्यांना क्लॅम्प किंवा दोरी लावून आवळा, गोंद ओला आहे तोवर, आणि मागचा प्लाय तेव्हाच ठोकून टाका, तोच पुढे आकार धरून ठेवतो.

प्लाय कापायच्या आधी शीटचेही कर्ण बघा. 8 बाय 4 चं शीट, म्हणजे 2440 बाय 1220, काटकोनात असेल तर कर्ण साधारण 2728 मिमी येतो, पण आकड्यापेक्षा दोन्ही कर्ण सारखे आहेत का ते महत्त्वाचं. फॅक्टरीची कड म्हणजे ब्रह्मवाक्य धरून त्याच्यावरून सगळं आखणारे मिस्त्री पाहिलेत, आणि मग शेवटच्या फळीला दोन सूत कमी पडले की दोष करवतीला. जमिनीवर किंवा भिंतीशी काटकोन काढायचा असेल तर तेच आपलं 3-4-5, एका बाजूला 90 सेंमी, दुसऱ्या बाजूला 120, तिरकं 150.

मोठा गुण्या घ्यायचीच हौस असेल तर जपानी सुतारांचा साशिगाने बघा, पातळ, लवचीक, एल आकाराचा. त्याच्या मागच्या बाजूच्या खुणा मुद्दाम 2 च्या वर्गमुळाच्या पटीत असतात, ओंडक्याच्या व्यासावर ती बाजू लावली की त्यातून किती जाडीचा चौकोनी वासा निघेल तो आकडा थेट वाचता येतो. आपल्या कपाटाला त्याचा काही उपयोग नाही, पण डोकं बघा.

प्रश्न (पनवेल): डिजिटल अँगल रूलर सेलमध्ये स्वस्त मिळतोय, स्क्रीनवर थेट 90.0 दाखवतो. मग गुण्याची गरजच काय?

उत्तर: स्क्रीनवर दशांश दिसतो म्हणून तो दशांश खरा असतो असं नाही. या स्वस्त रूलरच्या कागदावर बारीक अक्षरात प्लस-मायनस 0.3 अंश लिहिलेलं असतं. 0.3 अंश म्हणजे 300 मिमीवर दीड मिमी. विचित्र कोन मोजून दुसरीकडे उतरवायला तो छान आहे, भिंतीचा कोपरा 90 नसतो तेव्हा तर फारच. काटकोनाला नाही.

प्रश्न (फोंडा, गोवा): आमच्याकडे जूनपासून सगळं गंजतं. स्टीलचा गुण्या घेतला तर एका पावसाळ्यात संपेल. स्टेनलेसचा घेऊ का अॅल्युमिनियमचा?

उत्तर: स्टेनलेसचा मिळाला आणि रेघांच्या परीक्षेत पास झाला तर जरूर घ्या, थोडे जास्त पैसे पडतील. अॅल्युमिनियममध्ये मिळतो तो त्रिकोणी स्पीड स्क्वेअर, हा प्रकार 1925 मध्ये अमेरिकेत अल्बर्ट स्वान्सन नावाच्या माणसाने छपराच्या कामासाठी काढला. गंजत नाही, पडला तरी फारसं बिघडत नाही, आणि सर्क्युलर सॉला टेकण म्हणून धरता येतो, ते तर त्याचं सगळ्यात मोठं काम. बारीक जोडाला मात्र त्याची जाड कड आड येते, नाइफ नीट टेकत नाही, आणि अॅल्युमिनियम मऊ असल्याने त्या कडेला पात्याचे ओरखडे पडतात. दोन्ही ठेवले तर उत्तम.

साधं स्टील घेतलंत तरी ते वाचवता येतं. काम झालं की हाताचा घाम कोरड्या फडक्याने पुसायचा, मशीन ऑइलचा बोळा फिरवायचा आणि डब्यात बंद करायचं, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. आमच्याकडचे जुने कारागीर पेटीत कापराची वडी टाकतात, मीही टाकतो. लाकडाच्या ताज्या भुशात हत्यार रात्रभर पडू देऊ नका, भुसा ओल धरतो आणि सकाळी पात्यावर तांबूस ठिपके. ठिपके आलेच तर पात्याच्या सपाट बाजूवर तेल टाकून 600 चा वॉटर पेपर हलक्या हाताने फिरवा, पण कडांवर आणि दांड्याच्या आतल्या तोंडावर अजिबात नाही, तिथे नुसतं तेल आणि तांब्याच्या तारेचा ब्रश. आणि एवढं करून झालं की परत एकदा दोन रेघा मारून बघा.